पान आहे, पण शोधात नाही

गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयाच्या संकेतस्थळाची देखभाल काही काळापासून माझ्याकडे आहे. संस्थेकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मराठी नियतकालिके आहेत, मुंबईच्या कामगार चळवळीची कात्रणे आहेत, आणि त्यांतला बराच भाग स्कॅन करून सर्वांसाठी खुला ठेवलेला आहे. मात्र गूगलवर शोधणाऱ्याला त्यातले फारच थोडे सापडत होते. कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात संशोधन करणारी एक विद्यार्थिनी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपावरची कात्रणे शोधत प्रत्यक्ष वाचनालयात आली. ती कात्रणे केव्हाच नेटवर चढवलेली आहेत हे तिला ग्रंथपालबाईंकडून कळले, आणि मग हा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत निघाला.

“गूगलला मराठीचं काही पडलेलंच नाही,” असे कार्यवाह म्हणाले आणि इतरांनी मान डोलावली. ते वयाने ज्येष्ठ आहेत, संस्थेसाठी त्यांनी आयुष्य वेचले आहे, त्यामुळे त्यांची तळमळ मला कळत होती. पण निदान म्हणून ते मला पटले नाही. मराठी दैनिकांच्या बातम्या प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच वेळात शोधात दिसू लागतात, आणि त्या मराठीतच असतात. “काका, आधी आपला सर्व्हर गूगलच्या हातात नेमकं काय ठेवतो ते बघू या,” असे मी सुचवले आणि काम माझ्याकडे आले.

तोपर्यंत संस्थेत मोजणीची एकच रीत होती. शोधपेटीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि मग संकेतस्थळाचा पत्ता टाइप करायचा, आणि किती निकाल आले ते पाहायचे. ही रीत ढोबळ अंदाजापुरती ठीक आहे, पण तिच्यावर निर्णय घेऊ नयेत. तिथे दिसणारा आकडा अंदाजी असतो, तो दर वेळी बदलू शकतो, आणि नोंद झालेले प्रत्येक पान त्या यादीत दाखवले जाईलच असे नाही. त्यामुळे मी प्रथम डोमेनच्या डीएनएस नोंदींत (संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरचा पत्ता यांची सांगड घालणाऱ्या नोंदींत) टीएक्सटी प्रकारची एक ओळ घालून संस्थेची मालकी सिद्ध केली आणि गूगलचे सर्च कन्सोल उघडले. पान नोंदले गेले आहे का, नसेल तर का नाही, आणि गूगलबॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, तिथे शेवटचा केव्हा आला होता, हे पानागणिक सांगणारे अधिकृत साधन हेच आहे.

ग्रंथपालबाईंना मी या कामाचे टप्पे त्यांच्याच व्यवहारातून समजावले. पुस्तक वाचनालयात येणे, त्याची दाखल-नोंदवहीत नोंद होणे आणि वाचकाने मागितल्यावर ते कपाटातून निघणे या जशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तसेच पान बॉटने वाचणे, ते इंडेक्समध्ये नोंदले जाणे आणि शोधणाऱ्याला दाखवले जाणे हेही वेगवेगळे आहे. “गूगलवर येत नाही” या एका वाक्यात यांपैकी कोणताही बिघाड लपलेला असू शकतो, आणि प्रत्येकाची दुरुस्ती निराळी असते.

सर्च कन्सोलच्या अहवालात न नोंदलेली पाने कारणांनुसार गटांत मांडलेली असतात. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळला आहे, पण पान अजून वाचलेले नाही. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे वाचले, पण नोंदवले नाही. आमच्याकडे मात्र सर्वांत मोठा गट तिसराच होता: ‘डुप्लिकेट, गूगल चोझ डिफरंट कॅनोनिकल दॅन यूजर’. गूगलच्या मते ही पाने दुसऱ्या एखाद्या पानाची नक्कल होती. एकच मजकूर अनेक पत्त्यांवर असेल, तर त्यांतला मुख्य पत्ता कोणता हे सांगणारी कॅनोनिकल खूण २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणली. ती गूगलला सूचनेसारखी असते, आज्ञेसारखी नाही. गूगल स्वतःच्या अंदाजाने वेगळे पान निवडू शकते. आमच्या प्रत्येक पानावर ही खूण बिनचूक होती. तरीही कापड गिरण्यांवरच्या सूचीचे मुख्य पान म्हणून गूगलने बालवाङ्मयाच्या सूचीचा पत्ता निवडला होता आणि नाटकांच्या जाहिरातींचे पानही त्याच गठ्ठ्यात बांधले होते. या तीन पानांत एक परिच्छेदही समान नाही.

इथे मला बराच वेळ द्यावा लागला. यूआरएल तपासणीत ‘लाइव्ह टेस्ट’ केली की सगळे सुरळीत दिसे. पान उघडे, मजकूर पूर्ण असे, नोंदणीला कोणतीही हरकत नसे. पण लाइव्ह टेस्ट आत्ताची स्थिती दाखवते. गूगलने आपल्याजवळ जे साठवले आहे ते पाहायचे, तर ‘व्ह्यू क्रॉल्ड पेज’ या दुव्यावर जाऊन तिथला एचटीएमएल वाचावा लागतो. तो मी वाचला आणि गाठ सुटली. गिरण्यांच्या सूचीच्या जागी तिथे चारच ओळींचा इंग्रजी मजकूर होता, आणि ‘तुमचा ब्राउझर तपासत आहोत, कृपया थांबा’ असा त्याचा अर्थ होता. बालवाङ्मयाच्या पानाखाली तोच मजकूर होता आणि नाटकांच्या पानाखालीही तोच. गूगलने आमची पाने नक्कल ठरवली होती, आणि त्याच्या हाती जे पडले होते ते पाहता त्याचे म्हणणे खरेच होते.

आता हा मजकूर बॉटला कोण देत होते ते शोधायचे होते. त्यासाठी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग हवा. लॉगमध्ये प्रत्येक भेटीची एक ओळ असते: कोणत्या आयपी पत्त्यावरून कोण आले, केव्हा आले, काय मागितले, त्याला कोणता स्थिती-क्रमांक मिळाला आणि किती बाइट पाठवले गेले. गूगलबॉट असल्याचे सोंग कुणीही घेऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा त्या आयपी पत्त्यांची उलट डीएनएस तपासणी, म्हणजे पत्त्यावरून नाव शोधण्याची तपासणी, केली. उत्तर ‘गूगलबॉट डॉट कॉम’ या डोमेनमधले यावे आणि त्या नावाची सुलट तपासणी पुन्हा त्याच पत्त्यावर पोहोचावी लागते. खऱ्या गूगलबॉटच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढून मी बाइटच्या रकान्यावर बोट ठेवत खाली उतरत गेलो. सुरुवातीच्या काही ओळींत प्रत्येक पानाचे आकारमान वेगळे होते, जसे असायला हवे तसे. त्यानंतर मात्र सूची असो, छायाचित्र असो की संपादकीय असो, ओळीमागून ओळ एकाच आकड्याची येत होती, आणि तीही फार लहान आकड्याची. स्थिती-क्रमांक सगळीकडे २००, म्हणजे ‘सर्व ठीक’.

यातून क्रम स्पष्ट झाला. होस्टिंग कंपनीच्या फायरवॉलला, म्हणजे संशयास्पद मागण्या अडवणाऱ्या यंत्रणेला, एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात अनेक मागण्या आल्या की संशय येई आणि ती पुढच्या मागण्यांना खऱ्या पानाऐवजी तपासणीचे पान देई. गूगलबॉट प्रामुख्याने अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो, त्यामुळे भारतातल्या वाचकांसाठी असलेल्या संकेतस्थळावर तो अशा नियमांना परका वाटण्याचा संभव अधिक. लाइव्ह टेस्टची मागणी एकच असते आणि ती वेगळ्या ओळखीने येते, म्हणून ती सुखरूप पार पडत होती. खरी हानी त्या २०० क्रमांकाने केली. तपासणीच्या पानासोबत ४२९ किंवा ५०३ क्रमांक गेला असता, तर बॉटने ती तात्पुरती अडचण समजून वेग कमी केला असता आणि नंतर पुन्हा येऊन पाहिले असते. ‘सर्व ठीक’ म्हणून दिलेला मजकूर त्याने पानाचाच मजकूर मानला.

होस्टिंग कंपनीच्या मदत-विभागाने सुरुवातीला ‘आमच्याकडून कोणताही ब्लॉक नाही’ असे उत्तर दिले. त्यांच्या दृष्टीने ते खोटे नव्हते, कारण त्यांनी बॉटला नाकारले नव्हते. मग मी वाद न घालता लॉगमधल्या ओळी, उलट डीएनएसचे निकाल आणि साठवलेला एचटीएमएल असे तिन्ही पुरावे एकत्र पाठवले. तक्रारीत ‘गूगलवर दिसत नाही’ असे लिहिले की ती तक्रार गूगलच्या दारात ढकलली जाते. ‘तुमच्या सर्व्हरने अमुक वेळी अमुक पत्त्याला हे उत्तर दिले’ असे लिहिले की तिला उत्तर द्यावेच लागते. पडताळणी झालेल्या शोधयंत्रांच्या बॉटना फायरवॉलमधून सूट मिळाली आणि उरलेल्यांसाठी तपासणीच्या पानाचा स्थिती-क्रमांक बदलला गेला.

एवढ्याने सूचीची पाने मार्गी लागली, तरी अंकांच्या पीडीएफ फाइली शोधात येईनात. त्यांच्यावर शेरा होता: नोइंडेक्समुळे, म्हणजे ‘नोंदवू नका’ या सूचनेमुळे, वगळले. पीडीएफमध्ये एचटीएमएलची मेटा खूण घालता येतच नाही, तेव्हा ही सूचना आली कुठून? कर्ल ही आज्ञा फक्त हेडर (मजकुराआधी सर्व्हर पाठवतो त्या ओळी) मागवण्याच्या पर्यायासह चालवली, आणि उत्तराच्या माथ्यावर ‘एक्स-रोबोट्स-टॅग : नोइंडेक्स’ अशी ओळ दिसली. २००७ पासून गूगल ही हेडरमधली सूचना मानते. ब्राउझरमध्ये ती दिसत नाही आणि पानाचा सोर्स उघडला तरी दिसत नाही. संकेतस्थळ बांधणीच्या काळात अर्धवट अंक बाहेर जाऊ नयेत म्हणून फाइलींच्या फोल्डरवर कुणीतरी ती ठेवली होती, आणि त्या काळात ती योग्यच होती. संकेतस्थळ सुरू होताना काढायच्या गोष्टींची यादी संस्थेच्या दप्तरात होती. तीत या ओळीचा उल्लेख नव्हता. ओळ काढली.

त्यानंतर पीडीएफ नोंदल्या जाऊ लागल्या, आणि या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न समोर आला. काही अंकांची शोधनिकालातली वर्णने रोमन अक्षरे, अधोरेषा आणि कंसांची भेसळ होती. त्यांत मराठीचे एकही अक्षर नव्हते. हे अंक १९९० नंतरच्या दोन दशकांतले, डीटीपीवर जुळवलेले होते. त्या काळात मराठी छपाईत श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींचे फाँट वापरात होते, आणि त्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. कागदावर ‘मराठी’ उमटते. फाइलीच्या पोटात मात्र त्या आकारांमागचे रोमन संकेतच असतात. माणूस आकार वाचतो, यंत्र संकेत वाचते. म्हणजे हे अंक नोंदलेले होते, शोधातही होते, पण कुणी मराठीत शोधले असते तर ते कधीच सापडले नसते. अहवालात त्यांच्यापुढे हिरवी खूण होती, म्हणून मला हा बिघाड पानाची नोंद न होण्यापेक्षाही अधिक गंभीर वाटतो.

गंमत नव्हे, पण नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याहून कितीतरी जुने, खिळ्यांनी जुळवलेले अंक या बाबतीत सुदैवी ठरले. ते नुसते स्कॅन होते. पीडीएफमध्ये मजकुराचा थरच नसेल, तर गूगल चित्रावरून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करू शकते. थर असला तर तो कितीही निरर्थक असो, आमच्या फाइलींत तरी तोच उचलला गेला. डीटीपीच्या अंकांसाठी आम्ही दोन वाटा धरल्या. जिथे फाँटचे नाव कळत होते तिथे परिवर्तकाने युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी प्रमाण पद्धत) मजकूर तयार केला, आणि जिथे कळत नव्हते तिथे पाने चित्ररूपात काढून टेसेरॅक्ट या मुक्त प्रणालीची मराठी ओळख चालवली. दोन्हींत जोडाक्षरे आणि रफार तपासायला माणूस लागतोच. ते काम ग्रंथपालबाई आणि दोन निवृत्त मुद्रितशोधक करतात. शिवाय प्रत्येक अंकासाठी एक साधे वेबपान केले आणि त्यावर अनुक्रमणिका युनिकोडमध्ये टाइप केली. पीडीएफचा पूर्ण मजकूर शुद्ध व्हायला वेळ लागेल, पण लेखक आणि लेखाचे शीर्षक यांवरून अंक सापडण्याची सोय या एका पानाने लगेच होते. इतर संस्थांनी हे काम पहिल्यांदा करावे असे मी आग्रहाने सांगेन.

एक तक्रार उलट्या प्रकारची होती. शोधनिकालात शीर्षक एक आणि दुवा उघडल्यावर लेख दुसराच, असे वाचक कळवत. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्ता बनवते आणि तो २०० बाइटांपर्यंतच ठेवते. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात टक्केचिन्हांसह लिहिले की नऊ जागा घेते. काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणही प्रत्येकी नऊ जागा घेतात. म्हणजे बावीस चिन्हांत पत्ता संपतो. ‘गिरणगावातील कामगार चळवळीचा इतिहास’ आणि ‘गिरणगावातील कामगार चळवळीतील स्त्रिया’ या दोन सूचींचे पत्ते ‘चळवळी’पाशीच तुटत होते, आणि दुसऱ्या सूचीला वेगळेपणासाठी शेवटी २ हा आकडा जोडला जात होता. पूर्वी एकदा संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना लेख वेगळ्या क्रमाने आयात झाले आणि तो आकडा एका सूचीवरून दुसरीवर गेला. पत्ते तेच राहिले, आतला मजकूर बदलला. गूगल जुन्या वाचनाच्या आधारे जुने शीर्षक दाखवत राहिले. आम्ही लांब शीर्षकांच्या सर्व लेखांना हाताने आखूड आणि एकमेकांपासून निराळे पत्ते दिले आणि जुन्या पत्त्यांवरून ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण बसवले.

पत्त्यांच्याच बाबतीत मराठीला एक खास काळजी घ्यावी लागते. ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने, म्हणजे ०९३१ या संकेताने, लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. पत्ता मात्र बाइटांनी बनतो, म्हणून हे दोन वेगळे पत्ते होतात. आमच्या अनुक्रमणिकेतले काही दुवे एका टाइपकाने दुसऱ्या कीबोर्डवरून टाकले होते आणि ते ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’ या उत्तरावर, जाऊन आदळत होते. सर्व मजकूर एनएफसी या युनिकोड रूपात आणून साठवण्याचा नियम केल्यावर तो त्रास थांबला.

सभासदांच्या यादीचे पान शोधात दिसू नये अशी कार्यकारिणीची रास्त इच्छा होती, आणि त्यासाठी रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलीत ते पान पूर्वीच अडवलेले होते. तरीही पत्ता निकालात येत होता, खाली वर्णन नसलेला. १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी मांडलेली ही पद्धत २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजातून प्रमाण झाली. ती बॉटला ‘वाचू नको’ एवढेच सांगते, ‘नोंदवू नको’ असे सांगत नाही. बाहेरचा एखादा दुवा त्या पानाकडे येत असेल, तर गूगल न वाचताही पत्ता नोंदवू शकते. आणि वाचायलाच बंदी असल्याने पानावरची नोइंडेक्स खूणही त्याला कधी दिसत नाही. आम्ही अडसर काढला, नोइंडेक्स ठेवले, तातडीची सोय म्हणून सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्स साधनाने पत्ता तात्पुरता लपवला, आणि मुख्य म्हणजे ती यादी पासवर्डमागे नेली. खासगी माहितीचे रक्षण शोधयंत्राच्या सौजन्यावर सोडू नये.

बाकीची डागडुजी लवकर झाली. साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्रांसाठीच्या पानांच्या यादीत, प्रत्येक पानाची बदल-तारीख रोज रात्री आपोआप त्या दिवसाची होत असे; अशा तारखांवर गूगल विश्वास ठेवत नाही, म्हणून तिथे खऱ्या तारखा आणल्या. गूगलने साइटमॅप कळवण्याची जुनी पिंग सोय बंद करण्याचे २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केले होते. ती वापरणारी आज्ञा काढून टाकली. सर्व पानांचे शीर्षक संस्थेच्या नावाचेच होते, त्यामुळे गूगल पानावरची दुसरीच कुठली ओळ शीर्षक म्हणून दाखवी, तेही सुधारले.

त्यानंतर प्रतीक्षा करणे भाग होते. नोंदणीची विनंती पानागणिक करता येते, पण तिला रोजची मर्यादा असते आणि त्याच पानासाठी ती पुन्हा पुन्हा केल्याने वेग वाढत नाही. मधल्या काळात बिंगच्या वेबमास्टर साधनांतही संकेतस्थळ जोडले. तिथेही तेच गट अडकलेले होते हे पाहून बिघाड आपल्याच बाजूला होता याची कार्यकारिणीला खात्री पटली. हळूहळू नकलांचा गठ्ठा सुटत गेला आणि सूचींची पाने आपापल्या नावाने दिसू लागली. अहवाल मागे राहतो, पानाची प्रत्यक्ष तपासणी पुढे असते, हे या काळात लक्षात ठेवावे लागते. दोन्हींत तफावत दिसली तर तपासणीवर विसंबावे.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ हा गट अजून शिल्लक आहे. त्यातली बहुतेक पाने एकेका अंकाची एका ओळीची नोंद आहेत: नाव, वर्ष, दाखल क्रमांक, बस्स. त्यांच्या बाबतीत गूगलचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण शोधून आलेल्या वाचकाला त्या पानावर काहीच मिळत नाही. “मग या नोंदी काढून टाकायच्या का?” असे ग्रंथपालबाईंनी विचारले. काढायच्या नाहीत, एकत्र करायच्या आहेत. प्रत्येक नियतकालिकाचे वर्षवार एक पान, त्यावर त्या वर्षीच्या सर्व अंकांच्या नोंदी, अनुक्रमणिका आणि संपादकांबद्दल बाईंनी लिहिलेले टिपण, असे रूप ठरले आहे. दिवाळी अंकांपासून सुरुवात झाली आहे, आणि जसजशी वर्षे पूर्ण होतात तसतशी एका ओळीच्या जुन्या पत्त्यांना त्या त्या वर्षाच्या पानाकडे वळणे दिली जात आहेत.